आवाजाचा स्वतःचा पत्ता

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या त्यांच्या तबकड्या ऐकल्या, की शेवटी गाणं थांबतं आणि गायिका इंग्रजीत आपलं नाव सांगते. इथे मुद्रित झालेलं गाणं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तबकड्या तिथे तयार व्हायच्या. लेबल लावणाऱ्याला गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय होती. तीन मिनिटांच्या मुद्रणात स्वतःविषयी बोलायला कलावंताला मिळालेली जागा एवढीच. लेबलावर काय छापायचं, जाहिरातीत कुठलं छायाचित्र घालायचं, कॅटलॉगमध्ये कुठल्या मथळ्याखाली नाव द्यायचं, हे सगळं कंपनी ठरवत असे.

पुढे आकाशवाणी आली, एलपी आल्या, कॅसेट आणि सीडी आल्या. दर वेळी आवाज अधिक दूर पोचला. कलावंताची ओळख लिहिण्याचं काम मात्र बहुतेकदा दुसऱ्याच कोणाच्या हाती राहिलं. आजच्या स्ट्रीमिंग सेवांवरही फार वेगळं चित्र नाही. तिथली मांडणी तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी आणि अल्बमसाठी बेतलेली आहे. ख्यालगायकाला राग, ताल, बंदिश, साथीदार आणि मैफलीचं साल ही सगळी माहिती बहुधा गाण्याच्या नावातच कोंबावी लागते. तबल्यावर कोण होतं हे अनेकदा कळतच नाही.

स्वतःचं संकेतस्थळ ही कलावंताची अशी जागा आहे, जिथे कोणता आवाज आधी ऐकवायचा, नाव कसं लिहायचं, गुरूंचा आणि साथीदारांचा उल्लेख कुठे करायचा, हे तो स्वतः ठरवू शकतो. ते कशाने परिणामकारक होतं, हा या पुस्तकाचा विषय. उदाहरणं प्रामुख्याने हिंदुस्थानी संगीतातली आहेत. कारण या संगीताच्या गरजा वेगळ्या आहेत आणि तयार साचे घेऊन केलेल्या संकेतस्थळांत त्या गरजांचाच सर्वांत आधी बळी जातो.

वेब आणि संगीत यांचं नातं जुनं आहे. १९९२ मध्ये वेबवर चढलेल्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांपैकी एक होतं ‘ले ओरिब्ल सेर्नेत’ या गायिकांच्या चमूचं. वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न या संशोधनसंस्थेतल्या मंडळींनीच तो चमू उभा केला होता. १९९८ मध्ये डेव्हिड बोवी यांनी बोवीनेट नावाची स्वतःची इंटरनेट सेवा सुरू केली. आपल्याकडे शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स उभी करून स्वतंत्र कलावंतांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवरून थेट रसिकांपर्यंत नेण्याची वाट दाखवली. ऑक्टोबर २००७ मध्ये रेडिओहेड या इंग्रज बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम आपल्याच संकेतस्थळावर ठेवला आणि किती पैसे द्यायचे ते ऐकणाऱ्यावर सोपवलं. या सगळ्यांचा प्रयत्न एकच होता: कलावंत आणि रसिक यांच्यातलं अंतर कमी करायचं आणि त्या नात्याचे निर्णय आपल्या हाती ठेवायचे.

मग प्रश्न येतो, की समाजमाध्यमांवर पान असताना संकेतस्थळाचा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर मायस्पेसने दिलं आहे. एके काळी हजारो नवे बँड तिथेच भेटत. २०१९ मध्ये कंपनीने मान्य केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं संगीत नाहीसं झालं. त्या वेळच्या बातम्यांत हा आकडा ५ कोटींहून अधिक गाण्यांचा होता. ज्यांनी मूळ प्रत जपली नव्हती त्यांचं ते काम कायमचं गेलं. भाड्याच्या घरात माणूस आनंदाने राहतो, पण घराण्याची कागदपत्रं तिथे कोणाच्या भरवशावर ठेवत नाही. समाजमाध्यमं जरूर वापरावीत, तिथे रसिक आहेत. मात्र तिथल्या प्रत्येक ओळीने शेवटी कलावंताच्या स्वतःच्या पत्त्याकडे बोट दाखवावं.

संकेतस्थळ परिणामकारक आहे की नाही, हे त्याच्या देखणेपणावरून ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. देखणेपण हवंच, त्याआधी विचारायला हवं, की इथे कोण येतं आणि काय शोधत येतं. संगीतकाराच्या संकेतस्थळावर मुख्यतः तीन माणसं येतात: ऐकणारा, कार्यक्रम ठरवणारा आणि शिकणारा. तिघांची घाई वेगवेगळी, प्रश्न वेगवेगळे. पहिल्या पानावर तिघांनाही आपापला रस्ता दिसला, तर निम्मं काम झालं.

ऐकणाऱ्याला आवाज हवा असतो. तो पहिल्याच पडद्यावर, एका स्पर्शावर मिळायला हवा. चरित्र, पुरस्कार, मान्यवरांसोबतची छायाचित्रं हे सगळं ओलांडून आवाज शोधावा लागला, तर तो निघून जातो. याचा अर्थ पान उघडताच गाणं आपोआप सुरू व्हावं असा नाही. लोकलमध्ये, कचेरीत, झोपलेल्या बाळाशेजारी कोणी ते पान उघडलेलं असतं. क्रोम आणि सफारी यांसारखे ब्राउझर २०१७-१८ पासून आपोआप वाजणारा आवाज बहुतांशी अडवतातच. ऐकण्याची सुरुवात रसिकाने करावी. ती करायचं बटण त्याला शोधावं लागू नये.

इथे आपल्या संगीताचा खरा पेच उभा राहतो. रागाला वेळ लागतो. विलंबित ख्यालाच्या मधूनच कापलेली दोन मिनिटं ऐकवली, तर ना राग कळतो ना गायक. केवळ तानांचा तुकडा ठेवला, तर गायकी एका करामतीपुरती उरते. माझं मत असं आहे, की पहिल्या पानावर एखादी लहान, पण पूर्ण गोष्ट असावी: द्रुत बंदिश, तराणा, नाट्यपद किंवा अभंग, ज्याला स्वतःची सुरुवात आणि शेवट आहे. तिच्या लगत पूर्ण रागाकडे नेणारा दुवा असावा. त्या दीर्घ मुद्रणाखाली वेळेच्या खुणा द्याव्यात. विलंबित कुठे सुरू होतो, मध्यलय कुठे, द्रुत कुठे, हे लिहिलं की नवखा श्रोता वाट चुकत नाही आणि जाणकार हवं तिथे पोचतो. १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो. म्हणजे तासाभराचा राग ६० एमबीच्या आसपास जातो. तो पान उघडताच डाउनलोड होऊ लागला, तर गावाकडच्या नेटवर्कवर पान अडकून बसतं. मुद्रण मागितल्यावरच आणि तुकड्यातुकड्याने यावं, ही सोय संकेतस्थळ करणाऱ्याने पहिल्या दिवशीच करायची असते.

आवाजाशेजारी शब्द कसे असावेत, याचं एक उत्तम उदाहरण मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी घालून दिलं आहे. रागांवरच्या त्यांच्या लेखांत विधान आणि त्याचा दाखला देणारा ध्वनितुकडा जवळजवळ येतात. वाचता वाचता ऐकता येतं आणि ऐकलेलं लगेच समजून घेता येतं. गायकाने स्वतःच्या चार मुद्रणांबद्दल अशी पाच-पाच वाक्यं लिहिली, तरी त्याच्या विचाराचा अंदाज रसिकाला येतो. विशेषणांनी भरलेल्या परिचयातून तो येत नाही.

दुसरा पाहुणा म्हणजे आयोजक. गणेशोत्सवाचं मंडळ असो, एखाद्या तालुक्याच्या गावचं संगीत मंडळ असो, की दर दोन वर्षांनी भरणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाची समिती असो, त्यांचे प्रश्न ठरलेले आहेत. तारीख मिळेल का, कोणाशी बोलायचं, किती माणसं येणार, मंचावर काय लागणार. यातली निम्मी उत्तरं एका पानावर लिहून ठेवता येतात. तानपुरे किती, माइक किती, बैठक केवढी, साथीदार सोबत येणार की तिथले चालतील. आणि एक बाब, जी फार थोड्या संकेतस्थळांवर दिसते: गाण्याचा स्वर. काळी एक की पांढरी चार, हे आधी कळलं तर तानपुरा आणि हार्मोनियम त्या बेताने ठरवता येतात, आणि तबलजी योग्य तोंडाचा तबला घेऊन येतो. परदेशात स्थानिक साथीवर गायचं असेल, तर ही एक ओळ मैफलीआधीचा अर्धा ताण कमी करते.

परिचय तीन लांबींचा असावा: पत्रिकेसाठी ५० शब्दांचा, स्मरणिकेसाठी १५०-२०० शब्दांचा आणि अभ्यासकासाठी सविस्तर. कार्यक्रमाचा निवेदक मंचावर जे वाचतो ते बहुधा इथूनच घेतलेलं असतं. इथे गुरूचं नाव चुकलं तर ते हजार माणसांसमोर चुकतं. इथे सोपं, बोलण्याजोगं मराठी असेल तर मंचावरही तसंच येतं. छायाचित्रांचंही तसंच. छपाईसाठी ३०० डीपीआयची मोठी प्रत वेगळी उतरवून घेता यावी, छायाचित्रकाराचं नाव सोबत असावं, आणि पानावर दिसणारी प्रत हलकी असावी. वृत्तपत्राच्या उपसंपादकाला रात्री नऊ वाजता चांगलं छायाचित्र सापडलं नाही, तर समाजमाध्यमावरून उचललेलं धूसर चित्र दुसऱ्या दिवशी छापून येतं.

शिकायला येणाऱ्यासाठी फार लिहावं लागत नाही, पण स्पष्ट लिहावं लागतं. प्रत्यक्ष शिकवणी आहे की ऑनलाइन, कोणत्या पायरीपासून, भारतीय वेळेनुसार केव्हा. डॅलसमधल्या किंवा दुबईतल्या आईवडिलांना याच तीन गोष्टी आधी जाणून घ्यायच्या असतात.

भाषेचा प्रश्न वरवरचा समजू नये. मराठी गायकाचं संकेतस्थळ केवळ इंग्रजीत असणं, ही आपण अंगवळणी पाडून घेतलेली उणीव आहे. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग यांचा श्रोता मराठीत शोधतो. त्याला मराठी पान मिळालं पाहिजे, आणि ते यंत्राने भाषांतर केलेलं नको, मराठीतच लिहिलेलं हवं. देवनागरीत एकाच रीतीने लिहिलं जाणारं नाव रोमन लिपीत तीन-चार रीतींनी लिहिलं जातं. कलावंताने आपली एक रीत ठरवून सर्वत्र तीच वापरावी, म्हणजे त्याची मुद्रणं वेगवेगळ्या नावांखाली विखुरत नाहीत.

जुन्या मराठी संकेतस्थळांवरचा मजकूर आज अगम्य चिन्हांचा ढीग होऊन दिसतो, कारण तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला होता. काहींनी मजकुराचं चित्र करून चिकटवलं; ते शोधात सापडत नाही. आज ही सबब उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्त यासारखे सुबक देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात. फक्त ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-मात्रा एकमेकांना भिडले, की वाचणाऱ्याचा डोळा थकतो.

संगीताच्या संकेतस्थळांना काळ्या पार्श्वभूमीचं आणि सोनेरी अक्षरांचं फार आकर्षण. रंग कोणताही घ्यावा, अक्षर वाचता आलं पाहिजे. वेबच्या सुगम्यतेच्या मानकांनुसार साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांतला विरोध किमान ४.५ : १ असावा लागतो. उन्हात उभं राहून फोनवर वाचणाऱ्या माणसाला या आकड्याचं महत्त्व लगेच पटेल. सुगम्यतेची दुसरी बाजू आपल्या संगीताच्या इतिहासातच आहे. गदगचे पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई हे दोघेही अंध होते. तिथल्या वीरेश्वर पुण्याश्रमात दृष्टिहीन मुलांना संगीत शिकवण्याची परंपरा उभी राहिली, आणि बसवराज राजगुरूंसारखे गायक पंचाक्षरी गवयांकडे शिकले. ज्या कलेत न पाहणाऱ्यांनी इतकं दिलं, तिच्या संकेतस्थळावरचं ‘ऐका’ हे बटण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळू नये, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. बटणाला नाव देणं आणि छायाचित्राला वर्णन जोडणं हे काही मिनिटांचं काम आहे.

बहुतेक लोक व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यावरून फोनवरच पान उघडतात. म्हणून दुव्यासोबत दिसणारं छायाचित्र आणि नाव नीट बसवलेलं असावं, आणि पानाचा मुख्य भाग झटकन दिसावा. गुगलने यासाठी अडीच सेकंदांची कसोटी सांगितली आहे. ती चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेलं पाच-सहा एमबीचं छायाचित्र जसंच्या तसं पहिल्या पानावर चढवणं. हलत्या चित्रांच्या आणि सरकत्या पट्ट्यांच्या मोहाबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो नोंदीचा मुद्दा. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो आहे. अमुक वर्षी अमुक गायकाने कोणता राग गायला आणि साथीला कोण होतं, हे शोधायचं तर अभ्यासकाला जुनी वृत्तपत्रं, स्मरणिका आणि जाणत्या रसिकांची आठवण यांच्या दारी जावं लागतं. प्रत्येक कलावंताने झालेल्या कार्यक्रमांची यादी पुसून न टाकता ठेवली, आणि तारीख, ठिकाण, राग, साथीदार एवढंच नोंदवत गेला, तर वीस वर्षांत त्या पानाला संशोधनाच्या साधनाचं मोल येईल. आज घडतं ते उलट. ‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याखाली तीन वर्षांपूर्वीची तारीख राहते, आणि आयोजकाला वाटतं की गायकाने गाणं थांबवलं असावं.

नोंदीत साथीदारांची नावं हवीतच. हा सौजन्याचा भाग आहे आणि हक्काचाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताला, आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क दिला. तबला, हार्मोनियम, तानपुरा, मागून गाणारी शिष्या, सगळ्यांचं नाव मुद्रणाखाली असावं. तसंच आपलं गाणं असलं, तरी त्याचं ध्वनिमुद्रण आपल्या मालकीचं असतंच असं नाही. ते कंपनीचं, आकाशवाणीचं किंवा आयोजकाचं असू शकतं. परवानगी घेऊनच ते चढवावं. दिवंगत कलावंतांच्या कुटुंबीयांनी तर हे आधी तपासावं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे जुन्या तबकड्यांपैकी पुष्कळ आज मोकळ्या झाल्या आहेत.

शेवटचा विषय टिकण्याचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी फ्लॅश या तंत्रावर केलेली कितीतरी देखणी संगीत-संकेतस्थळं आज उघडत नाहीत. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबेने फ्लॅशचा आधार काढून घेतला. साध्या, खुल्या मानकांवर उभं केलेलं पान मात्र तीस वर्षांनंतरही वाचता येतं. डोमेन कलावंताच्या स्वतःच्या नावावर असावं, करून देणाऱ्याच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोन माणसांना ठाऊक असावी. मूळ ध्वनिफाइली संकेतस्थळाबाहेर, निदान दोन ठिकाणी जपलेल्या असाव्यात. या गोष्टी रुक्ष वाटतील, पण कलावंत गेल्यानंतर त्याची ओळख उरते की नाही, हे पुष्कळदा यांवरच ठरतं.

हे पुस्तक दोघांसाठी आहे: कलावंतांसाठी आणि त्यांची संकेतस्थळं करणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी. कलावंतांना विनंती अशी, की हे काम पूर्णपणे दुसऱ्यावर टाकू नका. कोणतं मुद्रण आधी ठेवायचं, गुरूंविषयी काय लिहायचं, हे गायकीचेच निर्णय आहेत. महिन्याकाठी एक तास नोंदींसाठी काढा. करणाऱ्यांना सांगणं असं, की साचा निवडण्याआधी, रंग ठरवण्याआधी, त्या कलावंताची एक पूर्ण मैफल समोर बसून ऐका. आलापीला किती अवकाश लागतो, साथीदारांकडे गायक कसा पाहतो, श्रोते कुठे दाद देतात, ते पाहा. पानावर काय मोठं आणि काय लहान, काय आधी आणि काय नंतर, याची बहुतेक उत्तरं तिथे मिळतील. जी मिळणार नाहीत, ती शोधायला पुढची प्रकरणं आहेत.